गिधाडं गेली त्याची तारीख माझ्या वहीत नाही

"डॉक्टर, पृथ्वीवर आजवर झालेल्या जीवजातींपैकी 99 टक्के संपल्या, असं आम्हाला बीएस्सीला शिकवलं. डायनासोर गेले, डोडो गेला, चित्ता गेला, आता गिधाडं गेली. त्यानं आमच्या म्हशीचं दूध अर्धा लिटरही आटलं नाही. मग बेडकांसाठी आणि पाखरांसाठी एवढा गलका कशाला?" हा तुझा प्रश्न. खोचक आहे, पण मला आवडला. तुझ्या आजोबांचा गोठा मी वीसेक वर्षं बघितलाय. हा स्वभाव तुला त्यांच्याकडूनच आला असणार. मी सिरिंज भरायला लागलो की ते विचारायचे, "ह्येनं नेमकं काय हुतंय, त्ये आदी सांगा."

तर आधी सांगतो. मी जीवाश्मांचा अभ्यासक नाही. चौतीस वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून कागल, करवीर, राधानगरीकडं फिरलो. या कामात जनावर वाचवण्याइतकाच वेळ ते का मेलं हे शोधण्यात जातो. उत्तरही त्याच सवयीनं देणार आहे. थोडं लांबेल.

99 टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, खरं तर त्याहून थोडा जास्तच. पण माणूस मरतो हाही निसर्गनियमच आहे, म्हणून उसात प्रेत सापडलं तर पोलीस पंचनामा करायचा सोडत नाहीत. प्रश्न वेगाचा आहे. एरवी जाती संपण्याची चाल फार मंद असते: दहा लाख जाती असतील तर वर्षाला एखाददुसरी. 2015 साली शास्त्रज्ञांच्या एका गटानं मुद्दाम हात राखून हिशेब केला. पाठीचा कणा असलेल्या जेवढ्या प्राणिजाती गेल्या शंभरेक वर्षांत संपल्या, तेवढ्या संपायला एरवीच्या चालीनं 800 ते 10,000 वर्षं लागली असती. गोठ्यात वर्षाकाठी एक जनावर दगावणं आणि आठवड्यात दहा दगावणं यातला फरक तुला मी सांगायला नको. पहिल्या वेळी तू विम्याचे कागद शोधतोस, दुसऱ्या वेळी मला रात्री दोनला फोन करतोस.

आता डायनासोर. तुझा गोठा ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो त्या प्रकरणातला एक संशयित आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमीन फाटून लाव्हा वाहत होता, एकावर एक थर साचत होते. पन्हाळा, जोतिबा, अंबाबाईच्या देवळाचा दगड, रंकाळ्याची जुनी खाण, सगळं त्याच घराण्यातलं. भूगर्भशास्त्रज्ञ या थरांना नावं देतात आणि त्यातल्या एका गटाचं नावच 'पन्हाळा' आहे. तो वरच्या, म्हणजे शेवटी शेवटी साचलेल्या थरांपैकी. साधारण त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर एक अशनी आदळली आणि 180 किलोमीटरच्या आसपास रुंदीचा खड्डा पडला. 1980 मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्व्हारेझ या बापलेकांनी त्या काळच्या मातीच्या पातळ थरात, जमिनीत दुर्मीळ पण अशनींमध्ये भरपूर असणाऱ्या इरिडियम धातूचं प्रमाण भलतंच जास्त असल्याचं दाखवलं, तेव्हापासून ही केस उघडली. आज बहुतेक जण मुख्य आरोपी म्हणून अशनीकडं बोट दाखवतात. आपला लाव्हा साथीदार होता का, यावर अजून खडाजंगी चालू आहे.

असे मोठे संहार पाच झाले. सगळ्यात वाईट 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचा, तेव्हा समुद्रातल्या दहापैकी नऊ जाती संपल्या. त्यातही सायबेरियातला लाव्हा होता, हवेत सुटलेला कार्बन होता, तापलेला समुद्र होता. निसर्ग त्यातून सावरला, हे तुझं म्हणणं मान्य. पण पूर्वीसारखी भरगच्च जीवसृष्टी पुन्हा उभी राहायला जवळजवळ एक कोटी वर्षं लागली. माणसाची जात जेमतेम तीन लाख वर्षांची. निसर्ग सावरेलच रे. आपण तेव्हा नसू, आणि तुझी म्हैसही नसेल.

म्हशीचा विषय निघालाच आहे तर तिच्या आणि गायीच्या भाऊबंदांचं सांगतो, कारण हे तुला बीएस्सीला शिकवलेलं नसणार. युरोपातल्या गायीचा रानटी पूर्वज होता, ऑरॉक्स नावाचा. प्रचंड देहाचा, लांब शिंगांचा. त्याचे शेवटचे कळप पोलंडमधल्या याक्तोरोव्हच्या जंगलात उरले. राजाचं संरक्षण होतं, राखणदार नेमलेले होते, आणि ते लोक मोजदाद करत होते. 1564 मध्ये 38 जनावरं. 1599 मध्ये 24. 1602 मध्ये चार. 1620 मध्ये एक गाय. ती 1627 मध्ये मेली. पाळीव गुरांनी त्यांचं कुरण खाल्लं, गुरांचे रोग त्यांच्यात आले. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा पोटात गोळा आला होता. कारण 38 हा आकडा लिहिणाऱ्या माणसाला काळजी वाटली असेल, पण आपण शेवट लिहितोय असं वाटलं नसेल. चांगला कळप आहे, म्हणाला असेल.

म्हशीचा रानटी पूर्वज, रानम्हैस, अजून आहे. जगभरात मिळून चार हजारांच्या आत, बहुतेक आसामात. महाराष्ट्रात गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या रानात मूठभर उरल्यात. गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पितोस ना, त्या म्हशीचं मूळ रक्त एवढ्यावर आलंय. पुढं एखादा नवा रोग आला, उष्णता सोसणारी किंवा चिवट जनावरं हवी झाली, तर मूळ भांडारात हात घालायला जागा तेवढीच.

आता कोल्हापूरचं स्वतःचं. तू चित्त्याचं नाव घेतलंस, पण तो आपल्याच गावातून कसा गेला हे तुला ठाऊक नसावं. (आणि उसात सापडतो तो बिबट्या, त्याला चित्ता म्हणणाऱ्या पत्रकारांशी मी आयुष्यभर भांडत आलोय.) कोल्हापूर दरबारचा चित्तेखाना देशभर नावाजलेला होता. चित्तेवान चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला छकड्यावर बसवून माळावर न्यायचे. काळविटं बैलगाडीला बुजत नाहीत, त्यामुळं छकडा कळपाजवळ जाई. टोपी काढली की चित्ता सुटे. माळावरच्या त्या शिकारीचं वर्णन म्हातारी माणसं अशी करायची की जणू खासबागेतली कुस्तीच बघून आलेत.

पण त्यातली मेख ऐक. चित्ता पिंजऱ्यात वीत नाही, म्हणजे तेव्हा तरी वीत नव्हता. जहांगीरच्या दरबारात 1613 साली एकदा पिल्लं झाल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर विसाव्या शतकापर्यंत कुठंच नाही. म्हणजे अकबरापासून पुढं प्रत्येक दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला होता. शतकानुशतकं नुसती वजाबाकी. वर माळ नांगराखाली गेले, काळविटं घटली, इंग्रजांनी चित्ता मारण्यावर बक्षिसं लावली. शेवटी 1918 ते 1945 या काळात संस्थानांनी शिकारीसाठी किमान दोनशे चित्ते आफ्रिकेतून आणले. कोल्हापूर आणि भावनगर त्यात आघाडीवर.

इथं थांब जरा. ज्या देशाचे चित्ते दुसऱ्यांनी पाहायला यावं, त्या देशाला चित्ते बाहेरून मागवावे लागत होते. जहाजाचं भाडं कुणीतरी भरलं असेल, कारकुनानं खर्चाच्या वहीत रक्कम चढवली असेल. भारतातला चित्ता संपत आल्याची त्याहून स्पष्ट नोंद दुसरी कुठली? पण ती खर्चाच्या खात्यात होती, म्हणून तशी कुणी वाचली नाही. 1947 च्या सुमारास कोरिया संस्थानाच्या (आता छत्तीसगडमध्ये) राजानं रात्री तीन चित्ते मारले, त्यांना शेवटचे मानतात. 1952 मध्ये सरकारनं तो संपल्याचं जाहीर केलं. लोक त्या राजाला शिव्या देतात. मला विचारशील तर त्यानं फक्त शेवटच्या पानावर सही केली. 2022 च्या सप्टेंबरात कुनोमध्ये आठ चित्ते सोडले, तेही नामिबियाचे. पुन्हा आयातच.

गिधाडांकडं मी उगाच उशिरा वळलो नाही. त्यात माझा हात आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा, 1984-85 मध्ये, मेलेलं जनावर गावाबाहेरच्या माळावर ओढून टाकायचे. मी शवविच्छेदन करायला बसायचो आणि वीस पावलांवर गिधाडं येऊन थांबायची. चाळीस-पन्नास. शिस्तीत नाही, आपसात ढकलाढकली करत, पण वाट बघत. मी साहित्य धुवायला लागलो की तुटून पडायची आणि तासाभरात सांगाडा पांढरा. हाडं गोळा करणारे संध्याकाळी येऊन न्यायचे. वास नाही, माश्या नाहीत. माझ्या तेव्हाच्या वह्या आहेत माझ्याजवळ. त्यात जनावराचा रंग, वय, यकृताची अवस्था, सगळं आहे. गिधाडं किती होती, हे एकाही पानावर नाही. कावळे किती होते हे तरी कोण लिहितं?

मग 1994-95 च्या सुमारास डायक्लोफेनॅक हे दुखणं आणि सूज उतरवणारं औषध हाती आलं. पेटंट संपलं होतं, स्वस्त होतं आणि गुणाला जादूसारखं. काससुजीनं तापलेली, खाणं सोडलेली म्हैस संध्याकाळी सुई मारली की सकाळी वैरणीला तोंड लावायची. तुझ्या आजोबांची लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस होती, तिला मी हेच दिलं होतं. ती उठली. दुसऱ्या एका वेळी एक रेडी नाही उठली. तिसऱ्या दिवशी मेली आणि माळावर गेली. अंगात औषध तसंच.

म्हशीला त्यानं काही होत नाही. पण त्या मढ्यावरून जेवलेल्या गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांत बंद पडतात. पक्ष्यांच्या शरीरातलं टाकाऊ युरिक अॅसिडच्या रूपानं बाहेर पडतं. ते तुंबतं आणि काळजावर, यकृतावर पांढऱ्या खडूच्या भुकटीसारखं साठतं. गिधाड मान खाली टाकून झाडावर बसतं आणि पडतं. हे लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शोधून काढलं आणि 2004 मध्ये जगाला सांगितलं. तोवर सगळे एखाद्या विषाणूच्या शोधात होते. मलाही साथच वाटत होती, म्हणजे जेव्हा काही वाटायला लागलं तेव्हा.

हिशेब आणखी चमत्कारिक आहे. शंभर मढ्यांमधल्या एकातसुद्धा घातक प्रमाणात औषध असायची गरज नव्हती. त्याहूनही कमी पुरेसं होतं. एक मढं म्हणजे पन्नास गिधाडं एका पंगतीला. आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. मरण पंगतीनं, जन्म एकेकट्यानं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजाराला एक उरली. 1985 मध्ये याच पक्ष्याबद्दल लिहिलं गेलं होतं की जगातला सगळ्यात मुबलक मोठा शिकारी पक्षी कदाचित हाच.

मग हे कळलं तरी कसं? भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश या पक्षी अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकात गिधाडं मोजून ठेवली होती. तीही भरपूर असताना. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी तिथंच पुन्हा मोजली तेव्हा 95 टक्क्यांहून जास्त घट निघाली. आधीचा आकडा हाताशी होता म्हणून नंतरच्या आकड्याला अर्थ आला. माझ्या वह्यांत आधीचा आकडाच नाही. माळ रिकामा झाला तो 97 ला की 99 ला, मला सांगता येत नाही. एके दिवशी शवविच्छेदन करून हात धुतले, मागं वळून बघितलं तर चार कुत्री बसली होती. मी म्हणालो, आज गिधाडं उशिरा येतील. बस्स, एवढंच आठवतं.

तू म्हणालास दूध कमी झालं नाही. दूध नाही झालं. पण कुत्री वाढली, मढी कुजत पडली, ओढ्या-विहिरींच्या पाण्यात घाण उतरली, पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढला. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी जिथं गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथं मुळातच कमी होती ते जिल्हे यांच्या मृत्यूच्या नोंदी शेजारी ठेवून बघितल्या. गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसं मरण्याचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं. 2000 ते 2005 या काळात साधारण पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज. पाच लाख माणसं, एका स्वस्त सुईपायी. या उत्तरातला एवढा एक आकडा लक्षात ठेवलास तरी चालेल. 1985 मध्ये मला कुणी विचारलं असतं की गिधाडाचा उपयोग काय, तर मी खांदे उडवले असते. डॉक्टर असून.

2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात फिरायला लागल्या, म्हणून 2015 मध्ये त्या बाटलीचं मापच 3 मिलीवर आणलं. 2023 मध्ये गिधाडांना तशीच घातक असलेली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही औषधं जनावरांसाठी बंद झाली, त्यानंतर निमेसुलाइडही. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड पैदास केंद्रात वाढवलेली गिधाडं 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली. आपल्याकडच्या माळावर मात्र अजून कुत्रीच.

एक कबुली आणखी. एका जातीच्या अंतावर मी स्वतः पेढे वाटलेत: बुळकांडीचा विषाणू. आपल्या आधीच्या पिढीनं या रोगानं गावंच्या गावं निर्गुरं झालेली पाहिली, रानातले गवेही त्यानं मेले. लस टोचून टोचून तो 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. तेव्हा प्रत्येक जीव वाचलाच पाहिजे असं म्हणणाऱ्यातला मी नाही. पण तिथं आम्हाला ठाऊक होतं आपण काय संपवतोय, का संपवतोय. आणि त्याला पन्नास वर्षं घासावी लागली. गिधाडांना दहा-बारा पुरली, कुणाचा इरादा नसताना.

तुझ्या घरी उसाचंही रान आहे, म्हणून एक उसाचं सांगतो. को 86032 लावतोस, त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर. तिथं 1912 मध्ये ऊस पैदास केंद्र निघालं. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी गोड, जाड उसाचा संकर एका रानगवताशी केला. नदीकाठी पांढरे तुरे डोलतात ना, संस्कृत कवी ज्याला काश म्हणतात, तेच ते. चावलंस तर त्यात साखर नावाला. पण चिवट, रोगाला, पाणथळीला, थंडीला न जुमानणारं. त्यातून 1918 मध्ये को 205 आला, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या व्यापारी उसांत त्या गवताचं रक्त आहे. जावामध्येही सेरेह रोगानं ऊस बसला तेव्हा तिथल्या रानटी उसानंच तारलं. म्हणजे आपले साखर कारखाने, गुऱ्हाळं, गुळाची बाजारपेठ, सगळ्याच्या मुळाशी एक बिनकामाचं म्हणून उपटून टाकायचं गवत आहे. 1900 साली ते संपलं असतं तर तेव्हाच्या एकाही शेतकऱ्याला फरक पडला नसता. तुला पडला असता.

बेडकांची तू चेष्टा केलीस. ऑस्ट्रेलियात एक बेडूक होता. मादी अंडी गिळायची आणि जठरातच पिल्लं वाढवायची. तेवढे आठवडे तिच्या जठरातलं आम्ल बंद. ते कसं, हे कळलं असतं तर माणसाच्या अल्सरवर काय काय करता आलं असतं कोण जाणे. 1973 मध्ये शास्त्रात त्याचं नाव लागलं, 1983 मध्ये पिंजऱ्यातला शेवटचा मेला. आपल्या शेजारी आंबोलीच्या सड्यावर एक पिवळा, पट्टेवाला भेक आहे. 2009 मध्ये त्याला नाव मिळालं आणि त्याचं घर म्हणजे तेवढाच परिसर. आपल्याकडच्या कातळपठारांवर अशाच काही वनस्पती आहेत, ज्यांचं सगळं जग दोन-चार सड्यांएवढं. त्या सड्याखाली बॉक्साइट असलं की झालं. तिथं बंदूकही लागत नाही, डंपर पुरतो.

नद्यांचं तर बोलायलाच नको. पंचगंगेवर केंदाळ आणि रंकाळ्यात गळाला चिलापी. दोन्ही बाहेरून आणलेली, दोन्ही आपलीच वाटावीत इतकी रुळलेली. तुझ्या वयाच्या पोरांना देशी माशांची दहा नावं विचारली तर कटला, रोहू आणि मग शांतता.

"आता डीएनएवरून परत आणतायत ना?" असंही तू शेवटी लिहिलंयस. प्रयोग होऊ देत. पण जनावर म्हणजे नुसता देह नव्हे. आईकडून शिकलेलं चरणं, कळपाची चाल, ते राहील असं रान, हे कुठल्या नळीत भरणार? हो, परत सापडल्याचीही उदाहरणं आहेत. आपला रानपिंगळा 1884 नंतर 113 वर्षं कुणाला मिळाला नाही. मधल्या काळात एका इंग्रज कर्नलनं संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नवं लेबल लावून, आपल्याला 1914 मध्ये मिळाला असं ठोकून दिलं होतं. लोक त्या खोट्या जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी ती लबाडी उघडी पाडली, खऱ्या जुन्या नोंदींच्या मागं गेल्या आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो त्यांना झाडावर बसलेला दिसला. खोट्या नोंदीनं हरवलेला पक्षी खऱ्या नोंदीनं सापडला.

आता कामाचं. म्हशीला ताप आला, सूज आली, तर डॉक्टरांकडं मेलोक्सिकॅम माग, नाहीतर टोल्फेनॅमिक अॅसिड. दोन्ही गिधाडांना निर्धोक ठरलेत आणि गुणाला कमी नाहीत. मेडिकलमधून कुणी सांगितली म्हणून सुई आणू नकोस. आणि म्हशीच्या दुधाची जी रोजची वही ठेवतोस, तिच्या मागच्या पानावर गोठ्याभोवती जे दिसतं ते लिहीत जा. चिमण्या किती, पावसाळ्यात काजवे दिसले का, वैरणीत सरडे आहेत का. तुला ते आज फालतू वाटेल. भरपूर आहेत तोवरच लिही.

आजोबा अजून पारावर बसतात म्हणालास. त्यांना माझा नमस्कार सांग आणि एक विचार. त्यांची ती रेडी माळावर टाकली त्या दिवशी वर घिरट्या होत्या का? मला वाटतं मागं आंब्याला मोहर होता, पण साल आठवत नाही. त्यांना आठवलं तर कळव. मी वहीत ती जागा सोडून ठेवली आहे.